फुफ्फुसावरणातील पू आणि शस्त्रक्रियेची वेळ : १९१८ च्या एम्पायमा आयोगाचे ऐतिहासिक महत्त्व

प्रस्तावना

'छातीत पाणी झाले' हा शब्दप्रयोग मराठी घरांत अपरिचित नाही. सुईने ते पाणी काढणे, त्याची तपासणी होणे आणि त्यानंतर दीर्घकाळ औषधे घेणे हा अनुभवही अनेक कुटुंबांनी घेतलेला असतो. हे पाणी फुफ्फुसात नव्हे, तर फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाच्या दोन थरांमध्ये साचते. त्यात जंतुसंसर्ग होऊन पू झाला, म्हणजे ज्या विकाराला वैद्यकीय परिभाषेत एम्पायमा म्हणतात तो विकार उद्भवतो. मानवी इतिहासात ज्या थोड्या अंतर्गत रोगांवर प्राचीन काळापासून शस्त्रक्रिया होत आली, त्यांपैकी हा एक रोग होय.

या रोगाचा इतिहास सामान्यतः उपकरणांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम सुरी आली, नंतर पोकळ सुई, मग रबरी नळी, क्ष-किरण व शेवटी प्रतिजैविके आली, अशी ती मांडणी असते. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. १९१७-१८ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या लष्करी छावण्यांमध्ये या रोगाने जे बळी घेतले, ते साधनांच्या अभावामुळे नव्हते. प्रशिक्षित शल्यवैद्य, निर्जंतुक शस्त्रक्रियागृहे, क्ष-किरण यंत्रे आणि जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असतानाही रुग्ण दगावत होते. पू दिसताच छाती उघडण्याचा सर्वमान्य नियम त्या विशिष्ट परिस्थितीत घातक ठरत होता. ही गोष्ट ओळखण्याचे कार्य १९१८ मध्ये नेमलेल्या एम्पायमा आयोगाने केले. या आयोगाचे खरे योगदान नव्या शस्त्रक्रियेत नसून शस्त्रक्रियेची वेळ ठरविण्याच्या विचारात आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

फुफ्फुसावरणाची रचना व विकार

फुफ्फुसावरणाचे दोन थर असतात. एक थर फुफ्फुसाला चिकटलेला असतो, तर दुसरा छातीच्या भिंतीला आतून अस्तरासारखा लागलेला असतो. निरोगी अवस्थेत या दोन थरांमध्ये अत्यल्प द्रव असतो आणि त्यामुळे श्वासोच्छ्वासाच्या वेळी ते एकमेकांवरून सहज सरकतात. फुफ्फुसाची स्वाभाविक प्रवृत्ती आकसण्याची असते, तर छातीच्या पिंजऱ्याची बाहेर पसरण्याची. या परस्परविरोधी ओढीमुळे दोन थरांमधील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी राहतो. फुफ्फुस फुगलेले राहते ते या कमी दाबामुळे.

छातीच्या भिंतीला भोक पडले तर बाहेरची हवा आत शिरते, हा कमी दाब नाहीसा होतो आणि फुफ्फुस आकसते. या अवस्थेला खुला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. आवरणाला सूज आली तर फुफ्फुसावरणदाह म्हणजे प्लुरसी होते आणि श्वास घेताना सुई टोचल्यासारखी कळ येते. द्रव साचला तर फुफ्फुस दाबले जाते. त्या द्रवात जंतू वाढले तर पू होतो आणि रुग्णाला दाबाबरोबरच विषबाधेचाही सामना करावा लागतो.

पू झाल्यानंतरही स्थिती एकसारखी राहत नाही. आरंभी द्रव पातळ असतो व संपूर्ण पोकळीत मोकळा फिरतो. काही दिवसांनी त्यात तंतुमय पदार्थ तयार होऊन कप्पे पडू लागतात. त्यानंतर आवरणाचे थर एकमेकांना चिकटून पू एका ठिकाणी बंदिस्त होतो आणि फुफ्फुसावर जाड साल चढते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने या तीन अवस्थांचे वर्गीकरण १९६२ मध्ये मांडले. तथापि, या अवस्थांमधील भेद न ओळखल्याची किंमत त्यापूर्वी अनेक दशके रुग्ण मोजत आले होते.

प्राचीन परंपरेतील सावधपणा

ग्रीक वैद्यकातील हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात या रोगाचे तपशीलवार वर्णन आढळते. रुग्णाला स्थिर आसनावर बसवून त्याचे खांदे हलवावेत आणि छातीत द्रव हिंदकळल्याचा आवाज कोणत्या बाजूने येतो ते ऐकावे, अशी निदानपद्धती तेथे सांगितली आहे. त्या बाजूला छेद घेऊन पू काढावा, जखमेत तागाच्या कापडाची वात ठेवावी, पू रोज थोडा थोडा वाहू द्यावा, कोमट मद्य व तेल आत सोडावे आणि पुढे कथिलाची पोकळ नळी बसवावी, असा उपचारक्रमही त्यात आहे.

या वर्णनातील एक सूचना विशेष उल्लेखनीय आहे. पू किंवा पाणी एकदम वाहून गेले तर रुग्ण दगावतो, असे त्या परंपरेतील सूत्रांत स्पष्ट म्हटले आहे. छातीतील दाबाचे शरीरक्रियाशास्त्र त्या वैद्यांना ज्ञात नव्हते. तरीही निचरा कसा व किती वेगाने व्हावा हा प्रश्न निचरा करावा की नाही या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, हे त्यांनी निरीक्षणातून जाणले होते.

भारतीय शल्यतंत्रातही योग्य वेळेचा विचार ठळकपणे आढळतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सुजेच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून, अज्ञानाने कच्ची सूज कापणारा आणि पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करणारा अशा दोन्ही वैद्यांना सारखेच दोषी मानले आहे. हे विवेचन सर्वसाधारण व्रणशोथाविषयी आहे, फुफ्फुसावरणाविषयी नाही. त्यामुळे त्यावरून आधुनिक उपचारांचे श्रेय प्राचीनांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र पुवाच्या बाबतीत घाई आणि दिरंगाई हे दोन्ही दोषच आहेत, हा विचार एकाहून अधिक वैद्यकीय परंपरांत रुजलेला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

एकोणिसावे शतक : निदानाची प्रगती आणि बंद निचऱ्याचा उदय

व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. द्रव साचलेल्या जागी ठोक्याचा आवाज मंद येतो, हे त्यांनी दाखवून दिले. पॅरिसमधील रने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप तयार केला आणि १८१९ च्या आपल्या ग्रंथात फुफ्फुसावरणातील द्रवाची श्राव्य लक्षणे नोंदविली. त्यामुळे छाती उघडण्यापूर्वीच आत द्रव आहे किंवा नाही, याचा बऱ्यापैकी विश्वासार्ह अंदाज वैद्यांना येऊ लागला.

निदान सुधारले तरी शस्त्रक्रियेची भीती कमी झाली नाही. फ्रान्समधील ख्यातनाम शल्यवैद्य बॅरन द्यूपित्रां यांचा १८३५ मध्ये याच विकाराने मृत्यू झाला. त्यांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेण्यास नकार दिला, असे वैद्यकाच्या इतिहासात परंपरेने सांगितले जाते. आयुष्यभर इतरांवर सुरी चालविणाऱ्या शल्यवैद्याविषयी अशी कथा टिकून राहावी, यातून त्या काळातील या शस्त्रक्रियेचा लौकिक पुरेसा स्पष्ट होतो.

पुढील काही दशकांत छाती न उघडता द्रव काढण्याचे प्रयत्न झाले. पॅरिसमध्ये आर्मां ट्रूसो यांनी १८४० च्या दशकात छातीतील द्रव पोकळ सुईने काढण्याचा पुरस्कार केला. बोस्टनमध्ये हेन्री बोडिच यांनी मॉरिल वायमन यांच्या सहकार्याने १८५० मध्ये शोषक पंप जोडलेली सुई वापरण्यास आरंभ केला. द्रव बाहेर यावा, परंतु हवा आत जाऊ नये, हा या पद्धतीचा विशेष होता.

या दिशेने सर्वांत महत्त्वाचे पाऊल हॅम्बर्गचे वैद्य गोटहार्ड ब्यूलाउ यांनी टाकले. १८७५ पासून वापरात आणलेली आपली पद्धत त्यांनी १८९१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. छातीच्या भिंतीतून पोकळ सुईच्या साहाय्याने रबरी नळी आत सरकवायची आणि तिचे दुसरे टोक जमिनीवर ठेवलेल्या भांड्यातील जंतुनाशक द्रवात बुडवून ठेवायचे, अशी ही योजना होती. नळीतील द्रवस्तंभाच्या ओढीने पू बाहेर येई आणि पाण्याच्या अडसरामुळे हवा आत शिरू शकत नसे. आज जगभरच्या रुग्णालयांत छातीतील नळीला जोडलेली पाण्याची बाटली दिसते, तिचे मूळ या साध्या योजनेत आहे.

याच काळात जोसेफ लिस्टर यांच्या १८६७ मधील लेखनानंतर निर्जंतुक शस्त्रक्रियेचा प्रसार झाला आणि शल्यवैद्यांचा आत्मविश्वास वाढला. बरगडीचा तुकडा काढून पोकळी रुंद उघडणे, पू पूर्णपणे बाहेर काढणे व जाड नळी ठेवणे ही पद्धत प्रमाणभूत मानली जाऊ लागली. जेथे पू तेथे वाट, हा शल्यशास्त्राचा जुना दंडक तिला पोषक होता. शिवाय या पद्धतीला बऱ्याचदा यशही येत असे. ते कोणत्या रुग्णांत येत होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

नेहमीच्या अनुभवातील बहुतेक रुग्ण न्यूमोकॉकस जंतूमुळे झालेल्या न्यूमोनियानंतरचे असत. त्यांच्यात पू बहुधा न्यूमोनिया ओसरल्यानंतर तयार होई, तो दाट असे आणि शस्त्रक्रियेपर्यंत आवरणाचे थर एकमेकांना चिकटलेले असत. पू बंदिस्त झाल्याने आणि आजूबाजूचा भाग घट्ट झाल्याने छाती उघडली तरी फुफ्फुस पूर्णपणे आकसत नसे. एका प्रकारच्या रुग्णांत योग्य ठरलेला नियम अशा रीतीने सर्व रुग्णांसाठी नियम बनला.

१९१७-१८ चा हिवाळा

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. अल्पावधीत मोठे सैन्य उभारण्यासाठी देशभर प्रशिक्षण छावण्या बांधण्यात आल्या. शेतीवाडीच्या, विरळ वस्तीच्या प्रदेशांतून आलेले हजारो तरुण एकाच छताखाली दाटीवाटीने राहू लागले. त्यांपैकी अनेकांना लहानपणी गोवर झालेला नव्हता. लष्कराच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख विल्यम गॉर्गस यांनी १९१७ च्या अखेरीस छावण्यांची पाहणी करून गर्दी व अपुऱ्या सोयींवर बोट ठेवले होते. तोवर गोवराची साथ पसरली होती.

गोवरामागोमाग न्यूमोनिया आला. त्याला मुख्यतः रक्तपेशी नष्ट करणारा स्ट्रेप्टोकॉकस जंतू कारणीभूत होता. या न्यूमोनियाचे वर्तन परिचित प्रकाराहून वेगळे होते. फुफ्फुसातील संसर्ग ऐन भरात असतानाच फुफ्फुसावरणात पातळ, पाण्यासारखा द्रव मोठ्या प्रमाणात व झपाट्याने साचत असे. रुग्णाला धाप लागे, ओठ निळसर पडत, नाडी जलद होई. द्रव सुईने तपासला की त्यात जंतू सापडत. शल्यवैद्यांनी आपल्या प्रशिक्षणानुसार तातडीने बरगडी कापून छाती उघडली आणि अनेक रुग्ण त्यानंतर थोड्याच काळात दगावले.

त्या हिवाळ्यात लष्करी रुग्णालयांतील एम्पायमाचे मृत्युप्रमाण सरासरी सुमारे ३० टक्के होते. काही छावण्यांत ते निम्म्याहून कितीतरी अधिक होते. हे मृत्यू युद्धभूमीवरचे नव्हते. यातील अनेक सैनिकांनी आपला देशही सोडलेला नव्हता.

एकाच प्रकारच्या रुग्णालयांत, साधारण एकाच वयाच्या रुग्णांवर, एकाच पद्धतीने झालेल्या उपचारांच्या नोंदी लष्कराच्या शिस्तीमुळे एकत्र उपलब्ध झाल्या, ही या घटनेची दुसरी बाजू आहे. नागरी जीवनात एखाद्या शल्यवैद्याला असे काही मोजके रुग्ण वेगवेगळ्या वेळी दिसले असते आणि प्रत्येक मृत्यूचे कारण रोगाची तीव्रता असे नोंदले गेले असते. येथे मृत्यू एकत्र मोजले गेल्यामुळे रोगाबरोबर उपचारावरही प्रश्नचिन्ह उभे राहिले.

आयोगाची स्थापना आणि ग्रॅहम-बेल यांचे प्रयोग

या परिस्थितीचा शोध घेण्यासाठी १९१८ मध्ये एम्पायमा आयोग नेमण्यात आला. व्हर्जिनिया राज्यातील कॅम्प ली ही छावणी त्याच्या कार्याचे केंद्र होती. एडवर्ड डनहॅम हे आयोगाचे प्रमुख होते. एव्हर्ट्स ग्रॅहम व रिचर्ड बेल या सदस्यांनी छातीतील दाबाविषयी केलेले प्रयोग आयोगाच्या कार्याचा कणा ठरले. त्यांचा निबंध १९१८ च्या अखेरीस अमेरिकन जर्नल ऑफ द मेडिकल सायन्सेस या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एका बाजूची छाती उघडली तर त्याच बाजूचे फुफ्फुस आकसते आणि दुसऱ्या बाजूचे फुफ्फुस श्वसनाचे काम सांभाळते, अशी तत्कालीन समजूत होती. दोन फुफ्फुसांच्या मधला, हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या सामावणारा भाग भिंतीसारखा कठीण असतो, हे तिच्यामागील गृहीतक होते. ग्रॅहम व बेल यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत छातीच्या एका बाजूला छिद्र पाडून दोन्ही बाजूंचे दाब मोजले. दोन्हीकडील दाब जवळजवळ सारखाच बदलतो, असे त्यांना आढळले. निरोगी, न चिकटलेल्या अवस्थेत मधला भाग भिंतीसारखा न वागता लवचीक पडद्यासारखा वागतो. त्यामुळे एका बाजूला शिरलेल्या हवेचा परिणाम दोन्ही फुफ्फुसांवर होतो.

या निष्कर्षातून पुढचा प्रश्न उभा राहिला. छातीत किती मोठे छिद्र पडले तर मनुष्य जगू शकतो? उत्तर केवळ छिद्राच्या आकारावर अवलंबून नाही, असे त्यांनी दाखविले. एका दीर्घ श्वासात व्यक्ती किती हवा आत घेऊ व बाहेर सोडू शकते, यावरही ते अवलंबून असते. निरोगी तरुणाची ही क्षमता मोठी असल्याने तो काही आकाराचे छिद्र सहन करू शकतो. न्यूमोनियाने ज्याच्या फुफ्फुसाचा बराच भाग निकामी झाला आहे, त्याच्याकडे ही राखीव शक्ती उरलेली नसते. त्याच्या बाबतीत लहान छिद्रही प्राणघातक ठरते.

छावण्यांतील मृत्यूंचे कोडे येथे उलगडले. स्ट्रेप्टोकॉकसच्या रुग्णात न्यूमोनिया चालू होता, आवरणाचे थर चिकटलेले नव्हते, मधला भाग हलता होता आणि श्वसनाची राखीव शक्ती संपत आली होती. अशा रुग्णाची छाती उघडणे म्हणजे त्याच्या उरल्यासुरल्या श्वासावर घाला घालणे होते. दाट, बंदिस्त पू असलेल्या रुग्णाची तीच शस्त्रक्रिया मात्र सुरक्षित होती. शस्त्रक्रियेचे स्वरूप दोन्हीकडे एकच होते. तिच्या परिणामातील फरक रोगाच्या अवस्थेमुळे पडत होता.

आयोगाची तीन तत्त्वे

या विवेचनाच्या आधारे उपचारांची जी दिशा ठरली, तिचा गाभा तीन तत्त्वांत सांगता येतो.

पहिले तत्त्व असे की, न्यूमोनियाच्या तीव्र अवस्थेत द्रवाचा निचरा करावा, परंतु खुला न्यूमोथोरॅक्स होऊ देऊ नये. त्यासाठी सुईने आवश्यकतेनुसार वारंवार द्रव काढावा अथवा हवाबंद नळीचा वापर करावा. पू दाट होऊन बंदिस्त झाल्यावरच छाती उघडण्याचा विचार करावा. येथे प्रतीक्षा म्हणजे निष्क्रियता नव्हे. रुग्णाची धाप कमी करण्यासाठी द्रव काढला जातच होता. थांबायचे होते ते केवळ सुरीला.

दुसरे तत्त्व पोकळी लवकर निर्जंतुक करून बुजविण्याचे होते. महायुद्धकाळात हेन्री डेकिन व अलेक्सिस कॅरेल यांनी जखमा धुण्यासाठी प्रचारात आणलेले क्लोरीनयुक्त द्रावण याकामी उपयोगी पडले. पोकळी तशीच राहिली तर रोग जुनाट होतो आणि छातीतून वर्षानुवर्षे पू वाहत राहतो, असा अनुभव होता. अशा रुग्णांसाठी एकोणिसाव्या शतकात अतिशय कठोर शस्त्रक्रिया योजाव्या लागल्या होत्या. हेलसिंकीचे एस्टलँडर यांनी १८७९ मध्ये आणि हॅम्बर्गचे मॅक्स शेडे यांनी १८९० मध्ये अनेक बरगड्या काढून छातीची भिंतच आत बसविण्याची पद्धत वर्णिली. फुफ्फुसावरची जाड साल सोलून ते मोकळे करण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत फाउलर यांनी १८९३ मध्ये, तर फ्रान्समध्ये देलोर्म यांनी १८९४ मध्ये नोंदविली. पहिल्या आठवड्यांतील उपचार नीट झाले तर असे अंगविच्छेद टळू शकतात, हा दुसऱ्या तत्त्वामागील विचार होता.

तिसरे तत्त्व पोषणाचे होते. सतत ताप व पुवावाटे होणारा प्रथिनांचा ऱ्हास यांमुळे रुग्ण झिजत जातो. म्हणून भरपूर उष्मांक व प्रथिने असलेला आहार हा उपचाराचाच भाग मानला गेला. शल्यशास्त्रीय आयोगाने स्वयंपाकघराला शस्त्रक्रियागृहाच्या पंक्तीत बसविले, ही गोष्ट त्या काळाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

ही तत्त्वे अमलात आल्यानंतर मृत्युप्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली आल्याची नोंद आहे.

निष्कर्षांच्या मर्यादा

ऐतिहासिक मूल्यमापन करताना या आकड्यांकडे सावधपणे पाहणे आवश्यक आहे. आधीचे व नंतरचे रुग्ण समान परिस्थितीतील होते, असे गृहीत धरता येत नाही. ऋतू बदलला होता, गोवराची साथ ओसरली होती आणि जंतूची तीव्रता सर्व काळ सारखीच राहिली असेल असे नाही. दोन गटांत रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून केलेली ही चाचणी नव्हती. अशा चाचण्यांची पद्धत वैद्यकात १९४० च्या दशकात रूढ झाली. म्हणून मृत्युप्रमाणातील संपूर्ण घट उपचारबदलाच्या खाती जमा करणे योग्य नाही.

दुसरी मर्यादा श्रेयाची आहे. हवाबंद निचऱ्याची कल्पना आयोगाची नव्हे. बोडिच व ब्यूलाउ यांनी ती कित्येक दशके आधी व्यवहारात आणली होती. परंतु तिची आवश्यकता कोणत्या रुग्णात आणि कोणत्या कारणाने आहे, याची शरीरक्रियाशास्त्रीय मीमांसा तिच्यासोबत व्यापक प्रमाणावर पोहोचली नव्हती. केवळ साधन उपलब्ध असून भागत नाही. ते केव्हा वापरावे हे सांगणारा विचार नसेल, तर साधन कपाटात राहते आणि सवय राज्य करते. आयोगाने ब्यूलाउच्या नळीला तिचा तर्क मिळवून दिला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

त्याचबरोबर, १९१७-१८ मधील शल्यवैद्यांना निष्काळजी ठरविणेही अनैतिहासिक होईल. ते आपल्या काळातील सर्वोत्तम मानल्या गेलेल्या नियमाचे पालन करीत होते. त्या नियमाची व्याप्ती तपासली गेली नव्हती, हे शोकांतिकेचे खरे कारण होय.

आयोगानंतरचा काळ

आयोगाच्या तत्त्वांमुळे रोगाचा धोका संपला नाही. आधुनिक वैद्यकशिक्षणाचे अध्वर्यू सर विल्यम ऑस्लर यांचा डिसेंबर १९१९ मध्ये ऑक्सफर्ड येथे न्यूमोनिया व त्यानंतरच्या एम्पायमामुळे मृत्यू झाला. नोव्हेंबर १९२८ मध्ये ब्रिटनचे राजे पंचम जॉर्ज गंभीर आजारी पडले. सुमारे तीन आठवड्यांनी, १२ डिसेंबर रोजी, लॉर्ड डॉसन यांना सुईने पुवाची नेमकी जागा सापडली आणि त्याच दिवशी सर ह्यू रिग्बी यांनी बरगडी कापून निचरा केला. राजे वाचले, परंतु १९२९ च्या जुलैमध्ये त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. सर्व साधने हाताशी असलेल्या रुग्णालाही पोकळी पूर्ण बुजण्याची वाट पाहावी लागली, हे या उदाहरणातून दिसते.

ग्रॅहम यांनी १९२५ मध्ये एम्पायमाच्या उपचारांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. छातीतील दाबाचे हे ज्ञान पुढे वक्ष-शल्यशास्त्राच्या पायाभरणीत उपयोगी पडले. १९३३ मध्ये सेंट लुई येथे त्यांनी कर्करोगग्रस्त संपूर्ण फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढले. १९५० मध्ये अर्न्स्ट वाइंडर यांच्यासमवेत त्यांनी धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दर्शविणारा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः दीर्घकाळ धूम्रपान केलेले ग्रॅहम १९५७ मध्ये त्याच रोगाने निवर्तले.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि एम्पायमाचे प्रमाण व मृत्यू दोन्ही घटले. तथापि, कप्पे पडलेल्या पुवापर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही, ही अडचण राहिली. विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस जंतूपासून तंतुमय पदार्थ विरघळविणारा घटक शोधला होता. टिलेट व सोल शेरी यांनी १९४९ मध्ये तो फुफ्फुसावरणाच्या पोकळीत वापरल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्या जंतूने १९१८ मध्ये छावण्या ओस पाडल्या, त्याच्याच स्रावाचा उपचारासाठी उपयोग व्हावा, हा इतिहासातील लक्षणीय योगायोग होय.

या उपचाराची कथाही आयोगाच्या धड्याला पुष्टी देते. अनेक वर्षे हे द्रव्य उपयुक्त मानून वापरले गेले. ब्रिटनमध्ये ४०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत मात्र त्यामुळे मृत्यू अथवा शस्त्रक्रियेची गरज कमी होत नाही, असे आढळले. २०११ मधील दुसऱ्या चाचणीत दोन वेगळ्या विकरांच्या एकत्रित वापराने पुवाचा निचरा सुधारतो, असे दिसून आले. त्यांपैकी कोणतेही एक विकर एकट्याने तसे करू शकले नाही. अनुभवाने पटलेली गोष्टही मोजून पाहावी लागते, हे पुन्हा सिद्ध झाले.

भारताच्या संदर्भात या इतिहासाला व्यावहारिक अर्थ आहे. येथे फुफ्फुसावरणात पाणी होण्याचे एक प्रमुख कारण क्षयरोग हे आहे. क्षयजन्य द्रवावर मुख्य उपचार क्षयविरोधी औषधांचा असतो, तर जंतुजन्य पुवाला वेळेवर निचरा अपरिहार्य असतो. 'छातीत पाणी झाले' हे शब्द दोन्ही रुग्णांच्या घरी सारखेच उच्चारले जातात, उपचार मात्र सारखे नसतात. द्रवाची तपासणी करून त्याचे स्वरूप व अवस्था ठरविणे म्हणूनच उपचाराचे पहिले पाऊल ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, फुफ्फुसावरणातील पुवाच्या उपचारांतील १९१८ चे वळण साधनांच्या शोधातून नव्हे, तर उपलब्ध साधनांच्या कालोचित वापरातून घडले. दुसरा असा की, एका वर्गातील रुग्णांवर यशस्वी ठरलेला नियम सर्वांना लागू करणे हे त्या शोकांतिकेचे मूळ होते. ज्ञानाचा अभाव जितका घातक, तितकेच ज्ञानाचे अविचारी सामान्यीकरणही घातक असते. तिसरा असा की, मृत्यूंची एकत्रित व प्रामाणिक नोंद झाल्यामुळेच उपचाराची चिकित्सा शक्य झाली. एका लष्करी वैद्यकीय विभागाने आपल्याच रुग्णालयांतील अपयश आकड्यांत मांडले आणि ते तपासण्यासाठी आपलीच माणसे नेमली, ही गोष्ट कोणत्याही संस्थेने अनुकरण करावी अशी आहे.

वैद्यकाच्या इतिहासात धाडसी हातांचे कौतुक नेहमीच होते. १९१८ च्या छावण्यांत अनेक तरुणांचे प्राण मात्र वाचले, ते शल्यवैद्यांनी काही दिवस हात आवरता घेतल्यामुळे.